मडमची वरमाय

इंग्रजी येतं म्हणजे बोलता येतं, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मला इंग्रजी येत होतं. बोलता येत नव्हतं, कुठल्याच भाषेत. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि सुटीत अमरावतीला आलं की मोठी आई सांगेल तेवढं ऐकायचं, यात माझं सगळं शिक्षण झालं. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर तिच्याच हातात होतं. ती अंजनगावकडच्या शेतकरी घरातली. वडील वकील झाले, अमरावतीला बंगला बांधला, दिवाणखान्यात कोच आले, पण तिचं बोलणं होतं तसंच राहिलं, आणि ते दिवसभर चालायचं. त्यामुळे मला तोंड उघडायची तशी गरजही पडत नसे.

अकोल्याच्या एका कापूस कंपनीचा गोरा मॅनेजर वडिलांचा पक्षकार होता. त्याची बायको लग्नाआधी विलायतेत नाटकांतून विनोदी कामं करायची आणि स्वतःचे प्रवेश स्वतः लिहायची, हे त्यानंच एकदा वडिलांना सांगितलं. आमच्याकडे वकिलांच्या बायकांची एक कमिटी होती. बायकांच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळी खोली बांधायची, म्हणून ती वर्गणी गोळा करत होती. वडिलांनी इकडचं तिकडे जोडलं. मडमनं एक कार्यक्रम अमरावतीला करावा, एक अकोल्याला, फक्त बायकांसाठी. मडम आनंदानं तयार झाली. फक्त म्हणाली, मला इथली भाषा येत नाही, कोणीतरी मदतीला लागेल.

"माझी मुलगी आहे की," वडील म्हणाले.

मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडंच होतं. मला विचारायला कोणी आत आलं नाही.

मडम उंच होती, जबडा लांब, हात मोठे. पहिल्या दिवशी कंपनीच्या अमरावतीच्या बंगल्यात तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तू हसतेस कशाला?"

मी हसत नव्हते. तसं सांगितलं.

"तसं नव्हे. तुला हसू कशाचं येतं?"

या प्रश्नाचं उत्तर कॉन्व्हेंटात शिकवलेलं नव्हतं. तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही, आणि स्वतःची हकीगत सांगायला सुरुवात केली. पुढे महिनाभर हे असंच चाललं. मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं, पण तिच्या आयुष्याचं भाषांतर कोणासाठी करायचं होतं ते मला कधीच कळलं नाही.

तिची आई समुद्रकाठच्या एका गावात नाटकमंडळींना खोल्या भाड्यानं द्यायची. उन्हाळ्यात गावात कार्यक्रम लागायचे, नट यायचे, खायचे, भाडं थकवायचे आणि जायचे. आई दर नव्या माणसाला खोली दाखवताना आधीच्या माणसाबद्दल बोलायची. मुलगी जिन्यात बसून ऐकायची, आणि रात्री त्याच नटांना आईची नक्कल करून दाखवायची. अठराव्या वर्षी त्यांतल्याच एका नाटक कंपनीबरोबर ती निघून गेली. तिला वाटलं होतं, नायिका होऊ. त्या कंपनीच्या मॅनेजरनं तिचा चेहरा दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हातारीचं काम दिलं. वीस वर्षांची असताना ती स्वयंपाकीण, मावशी, भांडी घासणारी, फार तर एखादी बहिरी आजी. "जेवण तयार आहे" एवढं म्हणायचं आणि आत जायचं. लोक मात्र त्या एवढ्यावर हसायचे. कारण ती ते नुसतं म्हणत नसे. ती म्हणायची की, जेवण मी केलंय, पण ते तुम्ही खावं अशी माझी इच्छा नाही, हे नुसत्या पाठीवरून दिसलं पाहिजे. आणि मला उठून पाठ करून दाखवायची. खरंच दिसायचं. मला हसू आवरेना आणि रागही आला, कारण मला घरी जायचं होतं आणि त्या दिवशीचं काम सुरूही झालं नव्हतं.

मग तिनं आपल्या आईवर एक प्रवेश लिहिला. एकटी बाई, एक खोली, समोर न दिसणारा नवा भाडेकरू. बाई सारखी म्हणते, "माझी काही तक्रार नाही," आणि तक्रारीशिवाय दुसरं काही बोलत नाही. मॅनेजरला प्रवेश फार आवडला. त्यानं तो लगेच लावला, आणि जाहिरातीत लेखक म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"मी दररोज पडद्यामागे उभी राहून ऐकायची," मडम म्हणाली, "लोक हसताहेत, आणि हशा त्याच्या नावावर जमा होतोय. मी दोन हंगाम तोंड उघडलं नाही. तोंड उघडायची मला भीती वाटायची. मला! कल्पना करता येते तुला?"

मला करता येत होती. मी मान हलवली.

पुढे तिनं ती कंपनी सोडली. लढाईच्या काळात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांपुढे गाडीवर उभं राहून कामं केली. लढाई संपल्यावर लंडनमध्ये एकटीचे कार्यक्रम केले, एक खुर्ची आणि काही टोप्या, बस्स. चांगली वर्षं होती ती. मग बोलपट आले, थिएटरांचे सिनेमा झाले. चाळिशी उलटल्यावर सुटीवर आलेल्या या कापूसवाल्याशी तिनं लग्न केलं. तो तिच्या कार्यक्रमात भलत्याच जागी हसला होता, म्हणून लक्षात राहिला. आणि आता ती अकोल्यात होती. तिथे तिच्या नवऱ्याच्या क्लबात चारदोन गोऱ्या बायका पत्ते खेळायच्या आणि कोणालाही तिच्या टोप्यांबद्दल काही ऐकायचं नव्हतं.

तिला आईचा तोच प्रवेश मराठीत करायचा होता. मी भाषांतर केलं. सगळं बरोबर होतं, एक शब्द सुटला नव्हता. आमच्या घरी येऊन मडमनं तो प्रवेश इंग्रजीत केला आणि मी तिच्या मागोमाग मराठीत वाचला, परीक्षा म्हणून. ऐकायला मोठी आई होती. ती शेवटपर्यंत गंभीर राहिली.

"हिचा नवरा कुठी हाय?" तिनं विचारलं.

"नाही नवरा. म्हणजे गेला असेल."

"असेल म्हन्जे? मालूम नाई? अन् परक्या मानसाले घरात आनून खोली दाखवून राहिली, तं घरात दुसरं कोनीच नाई? दीर नाई, सासरा नाई?"

"तिकडे तशी पद्धत असते."

"असन. पन बाई बरी नाई ते."

यानंतरचा सगळा वेळ ती बाई चांगल्या चालीची आहे की नाही यावर गेला. मडम मला विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते, आणि तिच्या आईबद्दल मोठ्या आईचं मत काय झालं ते मी तिला कसं सांगणार होते? मी सांगितलं, त्यांना गोष्ट जरा नवीन वाटली.

त्या दिवशी मी इतकी वैतागले की खोलीत जाऊन सगळे कागद फाडले. आणि रागारागात दुसरंच लिहिलं. खोल्या देणारी घरमालकीण काढून टाकली. तिच्या जागी वरमाय आणली, म्हणजे नवऱ्या मुलाची आई. लग्नाचा दिवस, मुलीकडच्यांनी वऱ्हाडाला उतरायला दिलेला जानोसा, आणि तिथे भिंतीकडे तोंड करून बसलेली वरमाय. मुलीकडच्या बायका जेवायला चला म्हणून विनवायला आल्या आहेत, त्या दिसत नाहीत. ती सुपारी कातरते आहे आणि सांगते आहे की मी रुसलेली नाही.

"मी काई रुसली नाई बाप्पा. रुसनार कोनावर? पायघड्या दारापासून चार हात अलीकडंच सरल्या, तं सरल्या. माये पाय काय, दगडाचे हायेत. जेवाले? मले भूकच नाई. त्या जिलेबीले वास कशाचा येऊन राहिला, तेवढं मी इचारलं. इचारू नाई काय?"

हे लिहायला मला एक दुपार पुरली. कुठे अडले नाही. हे सगळं बोलणं जन्मभर माझ्या कानावर पडत होतं, आणि कोणाचं ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मी मडमला त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ती खुर्चीतून उठली. खोलीभर फिरली. मला वाचायला लावलं, पुन्हा वाचायला लावलं, मग सगळं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. "हे मी करणार," म्हणाली. "मराठीत करणार."

आणि केलं. तिला शब्दांचा अर्थ अर्धामुर्धा कळे, पण कान असा की तिसऱ्या दिवशी मोठ्या आईचा सूर तिच्या तोंडातून जसाच्या तसा निघायला लागला. डोळे मिटले तर आमचंच घर. डोळे उघडले की समोर ही गोरी उंच बाई, आणि ती म्हणते आहे, "जिलेबी आधी, पायघड्या नंतर. कानाला बरं वाटतं."

"पण पायघड्या आधी असतात. वऱ्हाड आधी येतं, मग जेवतं."

"लोकांना काय फरक पडतो?"

लोकांना म्हणजे अमरावतीच्या बायकांना. लग्नातला क्रम चुकला तर त्या रंगमंचावर चढून सुधारतील, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "जरा पडतो." ती म्हणाली, "बरं, पाहू," आणि जिलेबी आधीच ठेवली. मग मोठ्या आईनंच तालीम पाहताना "अगं, आधी पायघड्या!" म्हणून ओरडून ते दुरुस्त केलं. मोठ्या आईचं मात्र मडमनं लगेच ऐकलं.

मग कार्यक्रमाचा छापील कागद आला. कमिटीनं इंग्रजी मजकूर तयार केला होता. त्यात प्रवेशाखाली लिहिलं होतं की लेखन आणि सादरीकरण दोन्ही मडमसाहेबांचं. मराठी भाग करायला तो कागद माझ्याकडेच पाठवला. मी तो हातात धरून बराच वेळ बसले. मला खात्री होती, मडम तो वाचेल तेव्हा तिला तिचा मॅनेजर आठवेल. तिनंच तर मला ते सगळं सांगितलं होतं, पडद्यामागे उभं राहणं वगैरे. मी इंग्रजी कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला. "छपाई सुबक आहे," म्हणाली.

मी बसून त्याचं मराठी केलं. अगदी बरोबर केलं. "मडमसाहेबांनी स्वतः रचलेला व स्वतः करून दाखवण्याचा प्रवेश." ती वरमाय माझी होती. ती माझीच राहावी, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ती दुसऱ्याची आहे असं मीच शुद्ध मराठीत लिहून देत होते. बोलायचं म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. लिहायला मात्र काहीच आडवं येत नव्हतं.

अमरावतीचा कार्यक्रम क्लबच्या हॉलमध्ये झाला. पुरुषांना बंदी होती. बायका आल्या त्या घराघरानं आल्या, आणि तशाच बसल्या. एक सासू, तिच्या बाजूला थोरली सून, मग मधली, मग धाकटी. लेकी त्यांच्या मागं. मडमला मोठ्या आईनं स्वतः लुगडं नेसवलं होतं. काष्टा घालताना तिच्याभोवती फिरून फिरून मोठी आई थकली. "माय माय, किती उंच बाई हाय," म्हणत होती, "नऊ वार हिले पुरून नाई राहिले."

मडम भिंतीकडे तोंड करून बसली. हातात अडकित्ता. पहिलं वाक्य म्हणाली.

काही नाही.

पायघड्यांपाशी आली. काही नाही. मी बाजूच्या दारातून पाहत होते. सगळ्या सुनांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. माना खाली, खांदे हलताहेत, एकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, दुसरी शेजारणीला चिमटे काढत होती. पण आवाज नाही. सासू बाजूला बसलेली, आणि समोर एका वरमायेची थट्टा चाललेली. तिथं कोण तोंड उघडून हसणार? आणि सासवा हसणार कशाला? त्या तर मान हलवून वरमायेच्या बाजूनं विचार करत होत्या. जिलेबीच्या वासाशी एक म्हातारी शेजारणीला म्हणालीसुद्धा, "खरं हाय तिचं."

मडमला दिव्यांमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं, म्हणजे काहीच येत नव्हतं. तिनं प्रवेश शेवटपर्यंत नेला, एकही शब्द चुकली नाही. संपल्यावर उभी राहिली, हात पुढे करून मला दारातून बाहेर ओढलं, आणि मोठ्या मनानं इंग्रजीत सांगितलं की हा प्रवेश खरं म्हणजे या तरुण मुलीनं लिहिलेला आहे. कमिटीच्या अध्यक्षीणबाईंनी त्याचं मराठी करून सांगितलं.

तर अशा तऱ्हेनं माझं नाव झालं. मी तिथं दिव्यांत उभी होते, समोर सगळ्या अमरावतीच्या सासवा, आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

कार्यक्रमानंतर चहा झाला. मागच्या अंगणात सुना कपबशा विसळत होत्या. तिथून जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही. एक म्हणत होती, "माये पाय काय, दगडाचे हायेत!" आणि दुसरी म्हणत होती, "अगं थांब वं, कप फुटन," आणि सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एकीला पूर्ण प्रवेश पाठ झाला होता. मी खांबाआड उभी राहिले. मला पुढे जाऊन सांगता आलं नाही की ते माझं आहे. त्यांना ते नुकतंच सांगितलेलंही होतं, पण त्या बहुतेक तेव्हा डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मडमला सगळं सांगितलं. पदराचं, सासवांचं, अंगणातलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"तू फार चांगली मुलगी आहेस," म्हणाली. "पण मला शांतता कळते. तीस वर्षं ऐकली आहे. अकोल्याला आपण हे करायचं नाही. मी आईचाच प्रवेश इंग्रजीत करीन. तो कधी पडलेला नाही."

"पण तो त्यांना कळणार नाही."

"पाठीवरून कळेल."

पोळा झाला आणि आम्ही अकोल्याला गेलो. मी आणि मोठी आई. मला एकटीला पाठवायचं नाही म्हणून ती आली, आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत त्या प्रवेशाबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिचं हे गप्प बसणं मला जड जात होतं. कार्यक्रम कंपनीच्या गोदामात होता. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, गोदाम रिकामं होतं, फक्त कोपऱ्यांतून सरकीचा वास येत होता. मडम बंगल्यातून खुर्ची, टोपी आणि टीपॉय घेऊन आली आणि तालीम करायला लागली. समोरच्या खोलीबद्दल, आधीच्या भाडेकरूबद्दल, तक्रार नसल्याबद्दल. मी पाहत बसले. ते चांगलंच होतं. आणि उद्या इथे अकोल्याच्या बायका येऊन त्या बाईच्या नवऱ्याची चौकशी करणार होत्या.

मी उभी राहिले. "मॅडम," म्हटलं, "माझा प्रवेश मी करते."

ती थांबली. "कोणता?"

"वरमायेचा. तो माझा आहे."

"अर्थातच तुझा आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं ना?"

"पडल्यावर सांगितलं," मी म्हटलं. माझा आवाज फार मोठा आला, गोदाम रिकामं असल्यामुळे. "त्याआधी कागदावर तुमचं नाव होतं. मीच त्याचं भाषांतर केलं. तुमच्या मॅनेजरनं निदान ती जाहिरात तुमच्याकडून लिहून तरी घेतली नव्हती."

ती टोपी हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रागावेल, किंवा रडेल, आणि दोन्ही झालं तर मी काय करणार होते कोणास ठाऊक. ती खुर्चीवर बसली.

"त्याला हे कोणी म्हणालं नाही," ती म्हणाली. मग टोपी मांडीवर ठेवून, "मी म्हणायला पाहिजे होतं." आणि मग लगेच, "पडल्यावर सांगितलं! हे वाक्य चांगलं आहे. टाकून देऊ नकोस."

एवढं म्हणून तिनं मला अडकित्ता दिला. क्षमा वगैरे काही मागितली नाही. सरळ शिकवायलाच लागली. प्रेक्षकांकडे बघू नकोस, सुपारीकडे बघ. हशाची वाट पाहू नकोस. बोलणं थांबवायचं असेल तिथे सुपारी कातर, म्हणजे थांबलीस असं वाटणार नाही, तू कामात आहेस असं वाटेल. लाजतेस? उत्तम, भिंतीकडे तोंड कर, ही बाई भिंतीकडेच बसते. हे सगळं इतकं सोपं करून सांगितलं की मला तिच्यावर धड रागावताही येईना.

बसण्याची व्यवस्था मात्र मी ठरवली. तिच्या बंगल्याच्या व्हरांड्यातल्या बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, काढून आणल्या आणि गोदामाच्या मधोमध आडव्या टांगल्या. चिकांच्या पुढे गाद्या, लोड, तक्के. मागे नुसत्या सतरंज्या. दारात कमिटीच्या बायकांना उभं करून सांगितलं की सासूबाईंचा मान पुढे, गादीवर. सुनांनी मागे बसावं. एवढ्या मानाला नाही कोण म्हणणार? सासवा पुढे गेल्या, सुना चिकांच्या मागे अंधारात गेल्या. मडमनं ते पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर दिसलं की मी तिला खोटं सांगितलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे सुरुवातीला तिनं सांगितलं की प्रवेश कोणी लिहिला. मराठीत सांगितलं, स्वच्छ सांगितलं. पण पुढच्या रांगेत त्या वेळी एका वकिलीणबाईची गादी एका देशमुखीणबाईच्या गादीच्या मागे का, यावरून बोलणं चाललं होतं. कोणी ऐकलं नाही. एकीनंही नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मला ते सगळं ऐकू येत होतं. गाद्यांचं मिटेपर्यंत मी सुपारी कातरत राहिले. दुसरं काय करणार?

मग मी बोलायला लागले. पायघड्यांपाशी मागून एक बारीक आवाज आला, खोकल्यासारखा. मग आणखी एक. मी सुपारी कातरली. दगडाच्या पायांशी चिकांमागून एकदम फुटलं. एवढा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या.

"कोन वं ते? कोन हसून राहिली?"

चिकेतून काही दिसेना. उत्तरही येईना. नुसता जास्त हशा आला.

आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून मोठ्या आईचा आवाज आला. "मंग जेव ना बाई! कोनं धरून ठेवलं तुले?"

हे लिहिलेलं नव्हतं. तिला आजवर मी कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. मी सुपारीकडे पाहत म्हटलं, "जेवीन. पन आधी तू उठ माया तक्क्यावरून. आल्यापासून पाहून राहिली मी, माया तक्क्यावर कोन येऊन बसली."

चिका हलायला लागल्या. आता सासवाही हसत होत्या, कारण बाजूच्या बाईवर हसायला काही अडचण नसते. मोठी आई काय करत होती ते मी पाठमोरी असल्यामुळे मला दिसलं नाही.

संपल्यावर मडमनं मला बाजूला घेतलं. "दोनदा तू हशा चालू असतानाच सुपारी कातरलीस," म्हणाली. "वाया गेलं." तेवढंच. मग नाक पुसलं आणि टोपी उचलून आत गेली. तिचा इंग्रजी प्रवेश त्या दिवशी झालाच नाही. तिनंच नको म्हटलं. पुढे वर्षभरात तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात अकोल्याच्या दोघी होत्या, त्या कार्यक्रमाहूनच येत होत्या. "मडम मोठी हुशार," एक मोठ्या आईला सांगत होती. "गोरी बाई, पन आपल्या घरातलं किती बारीक लिहिलं बाई तिनं. कसं मालूम तिले?"

मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुन्हा तेच. या वेळी मी वळले. "मडमनं नाही लिहिलं. मी लिहिलं," म्हटलं. "सगळं मीच लिहिलं."

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या, मग मोठ्या आईकडे.

मोठ्या आईनं पदर नीट केला, पानाच्या डब्यातून सुपारी काढली, तोंडात टाकली.

"मालूम हाय मले," ती शेवटी त्या दोघींना म्हणाली. "तुमाले काय वाटलं, मडमले जिलेबीचा वास येनार हाय?" मग माझ्याकडे वळली. "पन तू चुकीचं लिहिलं. पायघड्या चार हात नाई, आंगनाच्या त्या टोकापासून नव्हत्या. अन् थोरल्या पोराच्या लग्नात मी काय नुसती जिलेबीवर रुसली? चुलतसासऱ्याले बोलावनं उशिरा गेलतं, ते कुठी हाय त्यात? आहेराचं लुगडं? विहिणीनं माया हातावर गुळ ठेवला नाई, ते? तुले काई पुसायचं नाई काय कोनाले, लिहिण्याआधी?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला तं! मी पंगत उठेपर्यंत बसली व्हती जानोशात. तू दोन घटकेत सोडवली मले."

अकोल्याच्या दोघी सरकून जवळ बसल्या. मोठी आई पहिल्यापासून सांगायला लागली, मुहूर्त ठरला तिथपासून. मध्ये एकदा माझ्या गुडघ्यावर मारून म्हणाली, "आइकून राहिली ना? का बाहेर पाहून राहिली?" मूर्तिजापूर आलं, गेलं. बडनेरा दिसायला लागलं तरी तिच्या गोष्टीतलं वऱ्हाड अजून गाड्यांतून उतरलेलं नव्हतं.